हाकणाऱ्याचं उजवं

आहेर मॅडमनी पितळी कडं पहिल्या खाचेत बसवलं आणि पडद्यावरची काळी रेषा जिकडे जायला हवी होती नेमकी त्याच्या उलट सरकली. कडं दुसऱ्या खाचेत नेलं, तर रेषा मुकाट्याने दुसऱ्या बाजूला गेली. पुन्हा पहिली खाच, पुन्हा तेच. सकाळचे साडेनऊ वाजले होते. गंगापूर रोडवरच्या कॉलेजच्या गच्चीवर जानेवारीचं ऊन नुकतं कुठे अंगाला लागू लागलं होतं, तरी मॅडमनी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. हे लक्षण काही चांगलं नव्हे, एवढं भौतिकशास्त्र विभागात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"केरूभाऊ, हा डाग दक्षिण म्हणतोय."

प्रयोगशाळा परिचर केरू भोये दुर्बिणीच्या आरशावरची धूळ मऊ ब्रशने उडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणू दे की, मॅडम."

"अहो, जगातल्या सगळ्या वेधशाळा उत्तर म्हणतायत."

यावर मात्र केरूभाऊंनी ब्रश खाली ठेवला.

सूर्यावर काळे डाग असतात हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. ते डाग म्हणजे भलीमोठी चुंबकं असतात असं सांगितलं, की लोक विचारतात, तिथे होकायंत्र कुणी नेलं होतं? कुणीच नेलं नव्हतं आणि न्यायची गरजही नसते. तिथून निघालेला उजेडच ती बातमी अंगावर घेऊन येतो. उजेडाचे रंग पसरून पाहिले, की त्यांत लोखंडाच्या वाफेने उमटवलेली एक बारीक काळी रेषा दिसते. चुंबकाच्या जोराने ती दुभंगते. तिच्या एका फाट्याचा उजेड उजवा पीळ घेऊन येतो, दुसऱ्याचा डावा. डोळ्यांना हा पीळ कळत नाही. त्यासाठी उजेडाच्या वाटेत एक खास पारदर्शक पट्टी आणि एक फिरतं कडं बसवावं लागतं. कडं एका खाचेत असलं की उजव्या पिळाचा फाटा दिसतो, दुसऱ्या खाचेत डाव्या पिळाचा. दोन फाट्यांत अंतर किती, यावरून चुंबकाचा जोर कळतो. आणि कुठला फाटा तांबड्या रंगाच्या बाजूला गेला, यावरून डाग उत्तर ध्रुव की दक्षिण, ते कळतं.

जोर अगदी बरोबर येत होता. दोन हजार सहाशे गॉस, वेधशाळांच्या आकड्याला खेटून. उलटी येत होती ती फक्त दिशा.

हे यंत्र मॅडमनी दोन वर्षं खपून उभं केलं होतं. आराखडा त्यांचा, संगणकावरचं सगळं गणित त्यांचं, आणि हात केरूभाऊंचे. केरूभाऊ पेठ तालुक्यातल्या डोंगरातले, कॉलेजात लागून चौतीस वर्षं झालेले. वर्गांतले काळे फळे जाऊन मार्करचे पांढरे बोर्ड आले, तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात खडूचा एक तुकडा असायचाच. कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं, ते आधी खडूने आखायचं आणि मग हत्याराला हात लावायचा. त्यांनी आखलेली खूण चुकली, असं चौतीस वर्षांत कुणाला आठवत नव्हतं. येत्या शनिवारी, एकतीस तारखेला, ते निवृत्त होणार होते.

आणि त्याच शनिवारी डॉ. तेजल शेवाळे येणार होत्या. देशातल्या दहा-बारा कॉलेजांच्या गच्च्यांवरून रोज सूर्याच्या डागांची मोजणी करायची, अशी एक योजना दक्षिणेतल्या एका वेधशाळेने काढली होती. नाशिकची गच्ची त्यात घ्यायची की नाही, हे तेजल शेवाळे ठरवणार होत्या. त्या एक डाग सांगणार, मॅडमनी तो मोजायचा, उत्तर कागदावर लिहून द्यायचं, आणि दुपारी वेधशाळेचा नकाशा आला की ताडून पाहायचं. यंत्राने त्यांच्यासमोर उत्तरेला दक्षिण म्हटलं असतं, तर दोन वर्षांचं काम तिथल्या तिथे आटोपलं असतं. असं काही होईल असं मॅडमना मुळीच वाटत नव्हतं. आपली चूक झाली आहे असं त्यांना सहसा वाटत नसे. चूक सापडत नाहीये, एवढंच वाटे.

त्या दिवशी, बुधवारी, ती त्यांना लगेच सापडली.

"पट्टी उलटी बसलीय, केरूभाऊ."

"नाय, मॅडम. मी उलटं बसवत नाय."

चहात साखर घेत नाही असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. आवाज चढवला नाही, की खुलासा केला नाही. दिवाळीनंतर मॅडमनी नोंदवहीत लिहून दिलं होतं, 'पट्टी उजवीकडे पंचेचाळीस अंश.' त्याप्रमाणे त्यांनी ती उजवीकडे पंचेचाळीस अंश बसवली होती, डिंकासारख्या घट्ट रसायनाने कायमची चिकटवली होती, आणि जास्तीची कड कापून टाकली होती. पट्टीचा अक्ष दाखवणारी रेघ त्या कापलेल्या कडेवरच होती. त्यामुळे आता पट्टीकडे पाहून ती सुलटी की उलटी हे सांगणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. काढायला जावं तर फाटली असती, आणि नवी यायला सहा आठवडे.

केरूभाऊ चहा आणायला खाली गेले. मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. पेपर तपासायचा लाल पेन हाताशी होता. त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं, 'दिशा उलट येते. कारण: पट्टी उलटी बसवली आहे. केरू भोये यांची चूक.' लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. कारण लिहिलं की निम्मं काम झालं, असं त्या मुलांना नेहमी सांगत.

गुरुवारी मात्र काही केल्या ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. मी उलटं बसवत नाय. म्हणून त्यांनी बाकी सगळं एकदा नीट पाहून घ्यायचं ठरवलं. आरशावरून उजेड परतला की त्याचा उजवा पीळ डावा होतो. त्यांनी आरसे मोजले. दोन होते. दोनदा उलटलं म्हणजे सुलटं. मग तांबडी बाजू आणि निळी बाजू यांची तर अदलाबदल झाली नाही ना, ते पाहिलं. त्या लोखंडाच्या रेषेच्या आजूबाजूला ऑक्सिजनच्या दोन रेषा असतात. त्या आपल्याच हवेतल्या, सूर्यावरच्या चुंबकाशी त्यांचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे कडं कसंही फिरवा, त्या जागच्या हलत नाहीत. त्या दोघी आपापल्या जागी शहाण्यासारख्या उभ्या होत्या. तांबडं तांबड्याच्या जागी होतं आणि निळं निळ्याच्या.

उरली ती पट्टीच. मग त्यांनी संगणक उघडला, गणिताच्या एकशे चौदाव्या ओळीत शिरल्या, आणि एक उणे चिन्ह घातलं.

एवढंसं चिन्ह. दक्षिणेचं उत्तर झालं. मागच्या आठवड्यातले पाचही डाग एका झटक्यात वेधशाळांच्या नकाशाशी जुळले, एकही इकडेतिकडे नाही. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. आणि तेवढ्यात त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

झालं होतं असं की आहेर मॅडम बावीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षांच्या भरारी पथकात होत्या. त्यांची जीप एखाद्या केंद्राच्या फाटकातून आत आली, की मागच्या संडासात कागदांचा खच पडे. मोज्यात, कॅल्क्युलेटरच्या झाकणात, पाण्याच्या बाटलीच्या कागदाखाली, कुठेही चिठ्ठी असो, मॅडमची नजर सरळ तिच्यावर जायची. आणि पकडलेल्या पोराला त्या प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायच्या. ओरडायच्या नाहीत. शांतपणे, त्याच्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून विचारायच्या, "उत्तर बरोबर आहे रे. पण तुझं आहे का?" मग केस करायच्या. बावीस वर्षांत एकही सोडला नाही, मंत्र्याचा पुतण्याही नाही.

एकशे चौदाव्या ओळीतलं उत्तर बरोबर होतं. ते कुठून आलं होतं? वेधशाळेच्या नकाशावरून. नकाशात बघून यंत्राला शिकवायचं, आणि मग यंत्राचं उत्तर नकाशाशी जुळतं म्हणून टाळ्या घ्यायच्या. याला काय म्हणतात, हे जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पट्टी उलटी आहे हे तरी त्यांनी कशावरून ठरवलं होतं? उत्तर उलटं येतं म्हणून. आणि उत्तर उलटं आहे हे कशावरून? नकाशावरून.

त्यांनी उणे चिन्ह खोडलं. गच्चीचं दार लावून त्या घरी गेल्या आणि नवऱ्याने केलेली खिचडी जेवल्या. खिचडीत मीठ नव्हतं, त्यावरून त्यांनी चूक काढली नाही, तेव्हा नवऱ्याला काळजी वाटली.

शुक्रवारी सकाळी त्या गच्चीवर आल्या तेव्हा केरूभाऊंनी यंत्रावरची ताडपत्री काढून घडी करून ठेवली होती. लांब चामरलेण्याच्या डोंगरावर धुकं होतं, पण वर आकाश लख्ख होतं. मॅडम कॅमेऱ्याच्या मागे, आपल्या नेहमीच्या जागी, सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि कड्याला हात घातला. हात मध्येच थांबला. कड्याच्या वरच्या काठावर, पितळेत, एक अक्षर कोरलेलं होतं. इतके दिवस ते त्यांना दिसलं नव्हतं. आज पांढरंशुभ्र, डोळ्यांत भरण्यासारखं दिसत होतं. ऊन तिरकं आहे म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. इंग्रजी एच होता तो. जरासा पसरट, आणि मधल्या आडव्या रेघेला एका बाजूला छोटीशी शेपटी.

"केरूभाऊ, हा एच कशाला कोरलात? आडवं दाखवायला?"

केरूभाऊ खाली बसून वायर गुंडाळत होते.

"एच नाय मॅडम, जू हाय ते."

"कसलं जू?"

"बैलाच्या मानेवरचं. ह्या दोन उभ्या खुंट्या, त्या शिवळा. मधी बैलाच्या मानेवर येतं ते आडवं लाकूड. आन् ती शेपटी म्हंजे नांगराची दांडी. दांडी जाती तिकडं हाकणारा."

मॅडमनी पुन्हा पाहिलं. शेपटी त्यांच्याकडे नव्हती. ती पलीकडे, सूर्याच्या बाजूला होती.

त्या देवळ्याच्या आहेरांच्या. शेती चिकार, कांद्याच्या चाळी भरलेल्या, पण घरात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. बैल त्यांनी पोळ्याला पाहिले होते, तेही समोरून, पुरणपोळी भरवताना.

त्यांनी कड्यावरचा हात काढला.

"पट्टी लावताना कुठे उभे होतात, दाखवा बरं."

केरूभाऊ उठले. कॅमेऱ्यापाशी, मॅडमच्या शेजारी, ते आले नाहीत. यंत्राला वळसा घालून थेट पुढच्या टोकाला गेले, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि उजवा हात वर केला. त्यांची सावली आरशावर पडत होती, म्हणून ते अर्धं पाऊल बाजूला सरले आणि पुन्हा हात तसाच धरला. मॅडमच्या बाजूने पाहिलं तर तो हात डावीकडे होता.

"तिथे? तिथे का उभे राहिलात?"

केरूभाऊंना प्रश्नच कळला नाही असं क्षणभर वाटलं.

"उजेड इकडून येतो न् तिकडं जातो. मंग हाकणारा इकडंच उभा ऱ्हाणार ना, मॅडम. बैलाच्या म्होरं उभं राहून उजवा कंचा न् डावा कंचा, असं कोण ठरवतं? मारल ना बैल."

 मॅडमना आपली जुनी पुस्तकं आठवली. त्यांत प्रत्येकात पहिल्या प्रकरणाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप असायची, की या ग्रंथात उजवा पीळ म्हणजे उजेडाला सामोरं उभं राहून पाहिलेला उजवा, किंवा उजेडाच्या मागून पाहिलेला उजवा. अर्धे ग्रंथकार एका बाजूला उभे होते, अर्धे दुसऱ्या. चोवीस वर्षं त्या हे शिकवत होत्या आणि चोवीस वर्षं ती टीप त्यांनी सोडून दिली होती. परीक्षेत येत नाही म्हणून. 'पट्टी उजवीकडे पंचेचाळीस अंश.' कुणाच्या उजवीकडे, ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. आणि हा माणूस आपण कुठे उभं होतो ते पितळेत कोरून मोकळा झाला होता.

त्यांना लाज वाटली. चांगली कानापर्यंत वाटली.

"हात खाली घ्या आता," त्या म्हणाल्या.

संगणकावर काम पाच मिनिटांचं होतं. पट्टी केरूभाऊंच्या उजवीकडे, म्हणजे गणितातल्या माणसाच्या डावीकडे. तेवढा कोन त्यांनी बदलला. उत्तर आलं ते कालच्या उणे चिन्हाचंच. तेच आकडे, तीच उत्तर दिशा. फरक एवढाच, की आता नकाशा जळून गेला असता तरी चाललं असतं. हे उत्तर या गच्चीचं होतं.

केरूभाऊ खाली गेल्यावर त्यांनी नोंदवही काढली. ती लाल ओळ पाहून त्यांना कसंसंच झालं. बरं झालं, हे केरूभाऊंच्या नजरेला पडलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पान फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रयोगवहीतलं पान फाडणाऱ्याला त्या वर्गाबाहेर काढत. निळ्या पेनने त्यांनी लाल ओळीवरून आडवी रेघ ओढली. 'केरू भोये'पाशी पेन अडकला, दोन बोटं जागा कोरीच राहिली, आणि पुढे पुन्हा शाई आली. त्यांनी पेन झटकला, समासात दोन गोल काढून पाहिले. चांगला चालत होता. मग खाली लिहिलं, 'पट्टी बरोबर बसवली आहे. उजवं म्हणजे हाकणाऱ्याचं उजवं, पाठ सूर्याकडे. मी कुठे उभी आहे ते लिहून दिलं नव्हतं. चूक माझी. उ. आहेर.'

शनिवारी नऊ वाजता तेजल शेवाळे आल्या. पस्तिशीच्या, केसांचा घट्ट बुचडा, पाठीला पिशवी. मूळच्या सटाण्याच्या निघाल्या, त्यामुळे मॅडमनी आणलेली द्राक्षं त्यांनी संकोच न करता निम्मी संपवली. मग सूर्याच्या चित्रावर बोट ठेवून एक डाग सांगितला. गुरुवारपर्यंत तो नव्हता, काल उगवलेला, छोटा, अजून कुठल्याच यादीत न चढलेला. मॅडमनी तो मोजला. पहिली खाच, दुसरी खाच, पुन्हा पहिली. एक हजार नऊशे गॉस, दक्षिण. कागदावर लिहून, घडी करून तेजलच्या हातात दिलं.

"जोर तर कुणीही काढतं," तेजल घडी खिशात ठेवत म्हणाल्या. "मला दुसरंच विचारायचंय. तुमचं हे दक्षिण, ते तुम्ही कशावरून ठरवलंत?"

याच प्रश्नाची मॅडम वाट पाहत होत्या. त्या केरूभाऊंकडे वळल्या.

"केरूभाऊ, उजवं कुठलं ते यांना दाखवा."

केरूभाऊंनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते यंत्राच्या पुढच्या टोकाला गेले, सूर्याकडे पाठ केली आणि उजवा हात वर केला. तेजलनी त्यांच्याकडे पाहिलं, कड्यावरच्या जुवाकडे पाहिलं, शेपटी कुणीकडे आहे ते पाहिलं. विचारलं, हे काय आहे. केरूभाऊंनी कालच्याच शब्दांत सांगितलं. तेजल स्वतः वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ सूर्याकडे करून, आणि त्यांनीही हात वर करून पाहिला.

"आमच्याकडे," त्या तिथूनच म्हणाल्या, "या एका गोष्टीवरून दोन गटांत अडीच महिने बोलाचाल बंद होती. दोघांचंही बरोबर होतं. कोण कुठे उभं आहे, ते कुणी लिहिलंच नव्हतं."

मग त्यांनी नोंदवही मागितली. मॅडमनी ती दिली; लाल ओळीचं पानही त्यांना दिसणार हे माहीत असून दिली. तेजलनी ते पान वाचलं, मॅडमकडे एकदा पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या फोनवर नकाशा आला. त्यांनी खिशातली घडी उघडली. एक हजार आठशे ऐंशी, दक्षिण. तुमची गच्ची धरली, एवढंच त्या म्हणाल्या. जाताना आठवण केली, की जुवाचा आणि वहीतल्या त्या नोंदीचा फोटो पाठवून द्या, बाकीच्या कॉलेजांना दाखवायचाय.

दुपारी चारला खालच्या सभागृहात निरोप समारंभ होता. पेठहून केरूभाऊंचं अख्खं घर जीप करून आलं होतं. मॅडमना दोन शब्द बोलायचे होते. ते त्यांनी टाइप करून आणले होते, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ वगैरे. समारंभाला दहा मिनिटं असताना त्यांना फोटोची आठवण झाली आणि त्या गच्चीवर आल्या.

वही टेबलावर उघडून त्यांनी फोन वर धरला. ऊन आता पश्चिमेकडून, पानाला घासून येत होतं, आणि कागदाचा कणन्‌कण उठून दिसत होता. त्यांनी फोन खाली घेतला.

लाल ओळीवर, 'केरू भोये' या अक्षरांवर, पांढरा ठसा होता. अंगठ्याचा. खडूचा. वाचताना ओळीवर अंगठा ठेवावा तसा, रेषारेषांसकट उमटलेला. काल निळा पेन अडकला होता तो नेमका तिथेच. शाई त्या खडूवर चढली नव्हती. म्हणजे त्यांनी ओळ खोडली त्याच्या आधीपासून तो ठसा तिथे होता.

मॅडम कड्यापाशी गेल्या आणि जुवाच्या खाचेतून नख फिरवलं. नखावर पांढरी भुकटी आली. काल ते अक्षर डोळ्यांत भरलं, ते काही तिरक्या उन्हामुळे नव्हे. ज्याने चुकीची ओळ वाचली होती, त्यानेच कोरलेल्या खाचेत खडू भरून ठेवला होता, आणि मग वायर गुंडाळत खाली बसून राहिला होता, मॅडमना आपलं आपण सापडेपर्यंत.

मॅडम टेबलापाशी परतल्या. मग फोटो काढला, वही अंगठ्याच्या ठशाला धक्का न लावता मिटली, आणि टाइप केलेला कागद टेबलावरच ठेवून खाली गेल्या.

सभागृह भरलं होतं. केरूभाऊ शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून, परक्या लग्नाला आल्यासारखे अवघडून बसले होते. मॅडम माइकपाशी गेल्या. मुलं नेहमीच्या धाकाने गप्प झाली.

"बावीस वर्षं मी भरारी पथकात आहे," त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच खणखणीत होता. "ज्याला पकडलं त्याची केस केली. एकही सोडला नाही, याचा मला अभिमान होता. या आठवड्यात मी पकडली गेले. ज्यांनी पकडलं त्यांनी केस केली नाही. कुणाला सांगितलंही नाही. फक्त थोडा खडू लावून ठेवला."

कुणाला काही कळलं नाही. मॅडम गंमत करतायत असं समजून मागच्या बाकांवरचे दोघे-चौघे हसले, आणि प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं.

केरूभाऊंनी मान खाली घातली. मग नारळ डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा अंगठा हळूच पँटला पुसला.